गळ्याखालची तीन बोटं

मान सरळ ठेवून उजव्या हाताचं मधलं बोट दोन्ही कॉलरबोनच्या मधल्या खळगीत ठेवा. आत श्वासनलिकेच्या कड्या बोटाला लागतील. आवंढा गिळलात तर त्या वर सरकतील आणि पुन्हा खाली येतील. आता बोट छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली आणा. साधारण तीन बोटं अंतर गेलं की एक आडवा उंचवटा लागतो. काहींना तो पटकन सापडतो, काहींना दोन-तीनदा चाचपावं लागतं. खळगीपासून या उंचवट्यापर्यंतचं हाड म्हणजे मॅन्युब्रियम, उरोस्थीचा सगळ्यात वरचा तुकडा, सुमारे ५ सेंटिमीटर उंचीचा. त्याच्या मागे मणक्यापर्यंत जी जागा आहे तिला सुपीरियर मेडियास्टिनम म्हणतात. मेंदूला जाणारं सगळं रक्त, दोन्ही हातांना जाणारं रक्त, तिकडून परत येणारं रक्त, फुप्फुसांत जाणारी हवा, पोटात उतरणारा घास, आवाज चालवणारी नस आणि श्वास चालवणारी नस, हे सगळं इथूनच ये-जा करतं.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हा भाग शिकवायला घेतला की बरीच मुलं यादी पाठ करून येतात. पुस्तकात शिरा, धमन्या, नसा, नळ्या ओळीने दिलेल्या असतात आणि दोन रात्रींत त्या तोंडपाठ होतात. मग व्हायवाला कोणी विचारतं, "फ्रेनिक नस फुप्फुसाच्या देठाच्या पुढून जाते की मागून?" आणि गाडी तिथेच अडते, कारण पाठ झालेली असतात ती नावं; कोण कुठे आहे ते डोळ्यांपुढे आलेलं नसतं. माझं मत असं की हा भाग एकच प्रश्न धरून शिकावा: इथलं काही फुगलं, वाढलं किंवा सरकलं तर शेजारच्या कोणावर दाब येईल? जागा इतकी तंग आहे की त्याचं उत्तर रुग्णाच्या चेहऱ्यावर, आवाजात, कधी हाताच्या बोटांत दिसतं. ज्यांना डॉक्टर व्हायचं नाही त्यांनाही हा प्रश्न उपयोगी पडतो. घरातल्या कोणाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'मेडियास्टिनम' हा शब्द दिसला की तो काय सांगतोय हे निदान कळतं.

आधी भिंती पाहू. पुढे मॅन्युब्रियम, मागे छातीचे पहिले चार मणके, दोन्ही बाजूंना आपापल्या आवरणात गुंडाळलेली फुप्फुसं. खाली भिंत नाहीच, नुसती एक मानलेली पातळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ. वर छातीचं तोंड, ते मानेत उघडतं. मागे पहिला मणका, बाजूंना पहिल्या बरगड्या, पुढे मॅन्युब्रियमची वरची कड, असं हे तोंड बनतं. मोठ्या माणसात ते आडवं १० ते १२ सेंटिमीटर आणि पुढून मागे जेमतेम ५ सेंटिमीटर भरतं. शिवाय ते तिरकं आहे. पुढची कड मागच्या कडेपेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर असते.

हा तिरकेपणा नीट समजून घ्यावा, कारण त्याच्यामुळेच फुप्फुसाचं टोक मानेत येतं. मागच्या बाजूने ते पहिल्या बरगडीच्या वर जात नाही, पण पुढची कड खाली असल्यामुळे समोरून पाहिलं तर ते कॉलरबोनच्या आतल्या भागापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर वर असतं. डॉक्टर छाती तपासताना स्टेथोस्कोप कॉलरबोनच्या वरही टेकवतात तो यासाठी. शरीरात दबून राहिलेला क्षय पुन्हा उफाळतो तेव्हा तो बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात उफाळतो, त्यामुळे तिथे ऐकणं टाळून चालत नाही. अतिदक्षता विभागात कॉलरबोनखालच्या शिरेत मोठी सलाइनची नळी घालताना सुई जरा चुकली तर याच टोकाला भोक पडतं आणि फुप्फुस आकसतं. नळी घातल्यावर लगेच एक्स-रे काढतात, तो हेच पाहायला.

पहिली बरगडी बाहेरून सहसा हाताला लागत नाही, कॉलरबोनच्या आड असते. विद्यार्थ्याने ती बोन सेटमधून काढून हातात घ्यावी आणि घाई न करता पाहावी. सगळ्या बरगड्यांत ही आखूड आणि सगळ्यात जास्त वळलेली. बाकीच्या बरगड्यांना आतली आणि बाहेरची बाजू असते. हिला वरची आणि खालची. वरच्या बाजूवर अंगठा फिरवला की एक बारीक टोकदार उंचवटा लागतो. स्केलिनस अँटिरियर हा मानेतला स्नायू तिथे येऊन चिकटतो. उंचवट्याच्या पुढच्या खोबणीत सबक्लेव्हियन शीर, मागच्या खोबणीत सबक्लेव्हियन धमनी आणि हाताकडे निघालेल्या नसांचा सगळ्यात खालचा जुडगा. म्हणजे शीर स्नायूच्या पुढे, धमनी आणि नसा मागे. काही माणसांना मानेच्या शेवटच्या मणक्याला जन्मतःच एक जादा बरगडी असते. तिच्यामुळे ही मागची फट अरुंद होते आणि करंगळीच्या बाजूने मुंग्या येऊ लागतात. तक्रार बोटांची, दुखणं गळ्याच्या मुळाशी.

याहून गंभीर गोष्ट फुप्फुसाच्या टोकाला वाढणाऱ्या गाठीची. फिलाडेल्फियातले रेडिओलॉजिस्ट हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ आणि १९३२ साली अशा रुग्णांची वर्णनं छापली आणि त्या गाठीला त्यांचंच नाव मिळालं. रुग्ण येतो तो खांदा आणि दंडाची आतली बाजू दुखते म्हणून. खोकला असेलच असं नाही. कित्येकदा तो आधी खांद्यावर उपचार घेत राहतो. हळूहळू पंजाचे बारीक स्नायू वाळतात, त्याच बाजूची पापणी खाली येते, बाहुली लहान होते, चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येईनासा होतो. डोळ्याचा आणि फुप्फुसाचा संबंध काय, असं कोणालाही वाटेल. पहिल्या बरगडीच्या मानेसमोर पाहिलं की उत्तर मिळतं: फुप्फुसाच्या टोकाला चिकटूनच तिथे पंजाच्या स्नायूंना जाणारी पहिली थोरॅसिक नस आहे, आणि डोळ्याकडे व चेहऱ्याच्या घर्मग्रंथींकडे चढणारी सिम्पथेटिक साखळीही.

आता त्या आडव्या उंचवट्याकडे वळू. त्याला स्टर्नल अँगल म्हणतात. मॅन्युब्रियम आणि त्याखालचं लांब हाड इथे किंचित कोन करून जुळतात आणि दोन्ही बाजूंनी दुसरी बरगडी नेमकी इथे येऊन मिळते. पहिली हाताला लागत नाही, म्हणून बरगड्या मोजायला इथूनच सुरुवात करतात. उंचवट्यावरून बोट बाजूला न्यावं, ती दुसरी. तिच्या खालची मऊ फट दुसरी. मग एकेक खाली उतरत जावं. ईसीजीचे छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या फटीत, हाडाच्या दोन बाजूंना लावायचे असतात आणि ती फट अशीच शोधायची असते. मानेतल्या शिरेचा दाब मोजतानाही पट्टी याच उंचवट्यावर उभी धरतात, कारण हृदयाचा उजवा वरचा कप्पा इथून सुमारे ५ सेंटिमीटर खाली आहे असं धरलं जातं, माणूस निजलेला असो की टेकून बसलेला.

या उंचवट्यातून सरळ मागे एक पातळी कल्पावी. ती चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधल्या चकतीवर जाऊन टेकते. वर सुपीरियर मेडियास्टिनम, खाली हृदयाचं घर. या पातळीवर जितकं काही घडतं तितकं छातीत दुसऱ्या कुठल्याच पातळीवर घडत नाही. महाधमनीची कमान इथूनच सुरू होते आणि वर जाऊन पुन्हा इथेच संपते. श्वासनलिका इथे दुभागते. फुप्फुसांकडे जाणारी मोठी धमनी हिच्या जरा खाली दोन फांद्यांत वाटली जाते. उजवीकडची अझायगस शीर फुप्फुसाच्या देठावरून वळसा घेऊन वरच्या महाशिरेला इथेच मिळते. एवढी एक पातळी पक्की झाली तर निम्मा अभ्यास झाला. एक मात्र ध्यानात ठेवावं: पुस्तकातली ही मोजमापं मुख्यतः टेबलावर निजवलेल्या देहांवरून ठरली आहेत. जिवंत माणूस उभा राहिला की आतलं सगळं थोडं खाली उतरतं, आणि खोल श्वास घेतला तर श्वासनलिकेची फाट सहाव्या मणक्यापर्यंतही जाते.

यापुढचं शिक्षण डिसेक्शन हॉलमध्येच होतं. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पुढे १९४९ च्या बॉम्बे अॅनाटॉमी अॅक्टने बेवारस देह शिक्षणासाठी मिळण्याची रीत घालून दिली. आज टेबलावर देहदानाने आलेले देहही असतात. एखाद्या आजोबांनी जिवंतपणी कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरून ठेवलेला असतो आणि घरच्यांनी त्यांच्या पश्चात तो पाळलेला असतो. मुलांनी चिमटा हातात घेण्याआधी हे मनात आणावं, असं मला मनापासून वाटतं.

मॅन्युब्रियम कापून बाजूला केलं की पहिल्यांदा पिवळसर चरबी दिसते. पुष्कळ मुलं ती खरवडून टाकायला निघतात. थांबावं, कारण तो थायमस आहे, किंवा त्याचं जे उरलं आहे ते. लहान मुलात हा अवयव चांगला मोठा असतो. शरीराचं संरक्षण करणाऱ्या टी पेशी इथे तयार होतात. वयात येताना त्याचं वजन ३० ते ४० ग्रॅमपर्यंत जातं आणि मग हळूहळू त्याची जागा चरबी घेते. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेमध्ये छातीचा मधला भाग रुंद दिसतो तो याच्यामुळे, आणि तो आजार नसतो.

थायमस उलटला की डावी ब्रेकिओसेफॅलिक शीर दिसते. देहात ती रिकामी, चपटी, काळपट निळी असते. डाव्या कॉलरबोनच्या मुळापासून निघून ती मॅन्युब्रियमच्या वरच्या अर्ध्या भागामागून तिरकी उजवीकडे उतरते. चिमट्याने कड उचलली तर तिची भिंत किती पातळ आहे ते कळतं. इथे हात हलका लागतो. लांबी सुमारे ६ सेंटिमीटर. उजवीकडची तिची जोडीदार अडीच सेंटिमीटरची, जवळजवळ उभी. दोघी उजव्या पहिल्या बरगडीच्या कूर्चेमागे एकत्र येतात आणि वरची महाशीर, सुपीरियर व्हेना कावा, बनते. ती ७ सेंटिमीटर खाली जाऊन हृदयात शिरते. लहान मुलात डावी शीर गळ्याच्या खळगीच्याही वर येऊ शकते, आणि म्हणून मुलांच्या गळ्याला श्वासासाठी भोक पाडताना सर्जन फार जपून खाली सरकतात.

आता तोच प्रश्न विचारू. इथे गाठ वाढली तर आधी कोण दबेल? पातळ भिंतीच्या, कमी दाबाच्या शिराच. वरची महाशीर दबली की डोक्याकडचं रक्त खाली उतरत नाही. सकाळी उठल्यावर चेहरा सुजतो, मानेच्या शिरा तट्ट फुगतात, शर्टाची कॉलर घट्ट होते, छातीवर निळ्या शिरांचं जाळं उमटतं. फुप्फुसाचा कर्करोग आणि लिम्फोमा ही त्याची नेहमीची कारणं. थायरॉइडची गाठ हाडामागे उतरली असेल तर आणखी एक साधी तपासणी आहे. रुग्णाला दोन्ही हात कानाला लावून वर धरायला सांगतात. मिनिटभरात चेहरा लाल-निळा होऊ लागला तर छातीच्या तोंडाशी जागा अडली आहे असं समजावं. ह्यू पेंबर्टन यांनी १९४६ साली ही खूण सांगितली.

शिरांच्या मागे धमन्या. स्पर्शातच फरक कळतो: भिंत जाड, फिकट, आणि बोटाने दाबून सोडली तर पुन्हा गोल होणारी. महाधमनीची कमान छत्रीच्या मुठीसारखी वळलेली असते, पण चित्रांमुळे एक गैरसमज होतो. समोरून काढलेल्या चित्रात ती उजवीकडून डावीकडे गेलेली दिसते. प्रत्यक्षात ती मुख्यतः पुढून मागे जाते. उजव्या दुसऱ्या बरगडीच्या सांध्यामागे सुरू होऊन श्वासनलिकेच्या समोरून, मग तिच्या डाव्या अंगाने, चौथ्या मणक्याच्या डाव्या कडेला पोहोचते. एवढं उमगलं की तिच्या तीन फांद्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही. पहिली, ब्रेकिओसेफॅलिक ट्रंक, सगळ्यात पुढे. ती श्वासनलिकेसमोरून तिरकी उजवीकडे चढते. दुसरी डावी कॅरोटिड, तिच्या मागे आणि डावीकडे. तिसरी डावी सबक्लेव्हियन, आणखी मागे. शंभरातल्या सुमारे पाचजणांत मेंदूच्या मागच्या भागाला जाणारी डावी व्हर्टिब्रल धमनी थेट कमानीतूनच निघते. टेबलावर असं काही सापडलं की मुलं पुस्तक चुकलं की देह चुकला म्हणून गोंधळतात. दोन्ही बरोबर असतात.

या सगळ्यात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती आवाजाची नस, रिकरंट लॅरिंजियल. मेंदूतून निघालेली व्हेगस नस मानेतून खाली येते. स्वरयंत्र मानेतच आहे, तेव्हा त्याच्याकडे जाणारी फांदी तिथेच फुटायला हवी. डावीकडे तसं होत नाही. व्हेगस स्वरयंत्राला मागे टाकून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीच्या डाव्या अंगावरून जाते, तिथे ही फांदी देते, आणि फांदी कमानीच्या खालून वळसा घालून श्वासनलिका व अन्ननलिकेच्या खाचेतून पुन्हा वर स्वरयंत्रापर्यंत येते. उजवीकडची तीच नस छातीत शिरतसुद्धा नाही. ती उजव्या सबक्लेव्हियन धमनीखालून वळून परत फिरते. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेनने डुकराच्या या नसा कापून दाखवल्या होत्या: प्राणी धडपडत राहतो, पण ओरड बंद होते.

उजव्या-डाव्यात हा भेद का, याचं उत्तर गर्भात आहे. गर्भाच्या मानेत एका मागोमाग एक धमन्यांच्या कमानी तयार होतात, दोन्ही बाजूंना. त्यांना सहापर्यंत क्रमांक आहेत, पाचवी मात्र माणसात बहुधा धड बनतच नाही. सुरुवातीला स्वरयंत्राची नस दोन्हीकडे सहाव्या कमानीखालून सरळ जाते. तेव्हा हृदय, मान, सगळं जवळजवळ असतं. पुढे हृदय खाली छातीत उतरतं आणि कमानी नसेला आपल्याबरोबर खाली ओढतात. डावीकडे सहाव्या कमानीचा बाहेरचा भाग जन्मापर्यंत चालू राहतो: बाळ पोटात असताना फुप्फुसं टाळून रक्त महाधमनीत नेणारी ती वाट, जन्मानंतर आकसून एक दोरखंड होते, लिगामेंटम आर्टेरिओसम. डावी नस म्हणून त्याच्या मागे, कमानीखाली अडकून राहते. उजवीकडे तो भाग नाहीसा होतो, पाचवी नसतेच, नस वर घसरते आणि चौथ्या कमानीखाली अडकते. ती उजवी चौथी कमान म्हणजेच पुढची सबक्लेव्हियन. हे समजलेला विद्यार्थी पुन्हा कधी डावं-उजवं विसरत नाही. शंभरात एखाद्या माणसात उजवी चौथी कमान नाहीशी होते, उजवी सबक्लेव्हियन कमानीची शेवटची फांदी म्हणून निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते, आणि तेव्हा उजव्या नसेला अडवायला काहीच नसल्यामुळे ती मानेतच थेट स्वरयंत्राकडे वळते. थायरॉइडच्या सर्जनला हे माहीत असावंच लागतं.

म्हणून आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घसा पाहून थांबायचं नसतं. डावा स्वरतंतू हलत नसेल तर छातीचा फोटो लागतो. महाधमनीचा फुगवटा असू शकतो, कमानीखालच्या लसिका ग्रंथी वाढलेल्या असू शकतात. व्हिएन्नातल्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ साली हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत आवाज बसल्याचं नोंदवलं. झडप अरुंद, मागचे दाब वाढलेले, फुप्फुसाची धमनी फुगलेली, आणि ती व महाधमनी यांच्या मध्ये नस चिमटलेली. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा अजून दिसतात, त्यामुळे हे पुस्तकातलंच राहिलेलं नाही.

फ्रेनिक नसेचं त्या मानाने सरळ आहे. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसेतून ती बनते, खाली येते, आणि फुप्फुसाच्या देठाच्या पुढून मध्यपटलाकडे जाते. व्हेगस देठाच्या मागून जाते. सुरुवातीला विचारलेल्या व्हायवाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तिचं मूळ मानेत असल्यामुळे मध्यपटलाखाली काही चिघळलं तर दुखतं ते खांद्याच्या टोकाला.

श्वासनलिका १० ते ११ सेंटिमीटर लांब, निम्मी मानेत, निम्मी छातीत. तिच्या १६ ते २० कूर्चेच्या कड्या मागून उघड्या असतात. तिथे स्नायू असतो आणि त्याला टेकून अन्ननलिका. देहात रिकामी अन्ननलिका इतकी चपटी असते की मुलांना ती स्नायूच वाटते. मागे मणका आहे याची खात्री करून दोन बोटांत चोळून पाहिली की आतली पोकळी कळते. श्वासनलिकेची उजवी फांदी आखूड, रुंद आणि जास्त उभी, अडीच सेंटिमीटर; डावी ५ सेंटिमीटर आणि आडवी, कारण तिला हृदयावरून जायचं असतं. लहान मुलाच्या श्वासात गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे सापडतो तो त्यामुळे. नाणं गिळलं तर ते बहुतेक अन्ननलिकेच्या सुरुवातीलाच अडतं. अन्ननलिका अरुंद होते ती चार ठिकाणी. समोरच्या दातांपासून मोजलं तर १५, साडेबावीस, साडेसत्तावीस आणि ४० सेंटिमीटरवर. मधल्या दोन जागा महाधमनीची कमान आणि डावी श्वासफांदी यांनी दाबलेल्या आहेत. समोरून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिकेतलं नाणं बहुधा पूर्ण गोल दिसतं, श्वासनलिकेतलं कडेवर उभं.

अन्ननलिकेच्या मागे डाव्या कडेला थोरॅसिक डक्ट, शरीराची सगळ्यात मोठी लसिकावाहिनी. जेवणातली चरबी घेऊन ती पोटातून वर येते. पाचव्या मणक्यापर्यंत उजवीकडे असते, मग डावीकडे ओलांडते आणि डाव्या मानेच्या मुळाशी शिरेत रिकामी होते. म्हणून तिला खाली इजा झाली तर दुधी द्रव उजव्या छातीत साठतो, वर झाली तर डाव्या. पोटातल्या कर्करोगाची गाठ कधी कधी डाव्या कॉलरबोनच्या वर हाताला लागते, तीही याच वाटेने आलेली.

एवढं झाल्यावर वही घ्यावी आणि तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा आडवा छेद काढावा. मधोमध श्वासनलिकेचा गोल. त्याच्या मागे, किंचित डावीकडे, चपटी अन्ननलिका. मग तीन धमन्या, पहिली श्वासनलिकेसमोर जरा उजवीकडे, तिसरी डाव्या अंगाला मागे. त्यांच्या पुढे शिरा, सगळ्यात पुढे थायमस. सीटी स्कॅन पायाकडून पाहिलेला असतो, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते; चित्रही तसंच काढावं. रोज एक, पुस्तक बंद करून. रंग भरायची गरज नाही.

मग छातीचा साधा एक्स-रे घ्यावा. मधली काळी पट्टी श्वासनलिका. कमानीच्या पातळीवर ती जराशी उजवीकडे सरकलेली असते. डाव्या कडेवरचा गोल फुगीर भाग म्हणजे कमान. त्याच्या खाली एक लहानशी खाच दिसते; डावी स्वरनस वळते ती तिथे, आणि ही खाच भरून आलेली दिसली तर तिथल्या ग्रंथी वाढल्या असाव्यात. वरचा मधला भाग रुंद वाटला तर लगेच निदानावर जाऊ नये. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या खुणेपासून सारख्या अंतरावर आहेत का पाहावं. नसतील तर रुग्ण वळलेला होता. फोटो कॉटवर निजवून, मशीन समोर ठेवून काढला असेल तर पुढचे अवयव मोठे दिसतात आणि शिराही भरलेल्या असतात. जुना फोटो मिळाला तर शेजारी लावावा. वय झालेल्या माणसात कमान लांबते आणि पसरते. रुंदी तेव्हाही एवढीच होती तर बहुतेक वेळा कारण तेच असतं. रुंदी नवी असेल तर सीटी करावा लागतो.